मैनावतीचा गुडघा

मुलांनो, एका जंगलात शनिवार-रविवार होते. बाकीच्या जंगलांत ते नसतात. तिथे सगळे दिवस सारखेच असतात, म्हणून ती जंगलं मागासलेली राहिली.

या जंगलात शनिवारी आणि रविवारी भर दुपारी घोड्यांच्या शर्यती होत. साध्या नव्हेत, उड्यांच्या. आधी करवंदीची जाळी, मग आडवं पडलेलं सागाचं खोड आणि शेवटी खारट पाण्याचा ओढा. हे सगळं ओलांडून जो आधी वडाखाली पोचेल तो जिंकला.

घोडे धावत आणि इतर प्राणी पैजा लावत. जंगलात पैसे नसतात, म्हणून पाण्याची पाळी पणाला लागे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्रत्येक घराला रोज एक पाळी मिळे. पैज जिंकली तर आठवडाभर दोन पाळ्या, हरली तर आठवडाभर एकही नाही. मग दोन कोसांवरच्या झऱ्यावर जावं लागे. झरा चांगला होता. तिथे बिबट्या राहत होता.

कोणत्या घोड्यावर पैज लावायची, ते पिंगळेशास्त्री सांगत. हे घुबडांच्या भावकीतले. शुक्रवारी दिवस मावळला की ते वडाच्या ढोलीतून डोकं बाहेर काढत आणि टिप देत. शर्यतीच्या वेळी, म्हणजे दुपारी, ते झोपलेले असत. त्यामुळे त्यांनी आजवर एकही शर्यत पाहिली नव्हती. त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई ते याचमुळे.

याच जंगलात बाबाजी नावाचं एक भेकर राहत होतं. त्याची बायको यमुना. यमुनेला दिवस गेले होते आणि तिला सारखी तहान लागे. दुसरी पाळी मिळाली तर बरं, असं बाबाजीला वाटलं. तो शुक्रवारी वडाखाली जाऊन बसला.

"उद्या मैनावती," शास्त्री म्हणाले. "तिची आजी याच ओढ्यावरून उडाली होती. वारा पश्चिमेचा आहे. मागच्या दोन शर्यतींत मैनावती आधी दुसरी आली, मग तिसरी. यातली शिस्त बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी सकाळी यमुना चरत चरत घोड्यांच्या माळावर गेली. मैनावती एका झाडाला टेकून उभी होती.

"अक्का, आमच्या ह्यांनी आज तुमच्यावर पैज लावायची ठरवलीय. जिंकाल ना?"

"कशी जिंकेन गं? हा गुडघा बघ."

"अगंबाई, केवढा सुजलाय!"

"बुधवारपासून आहे. जाळी आणि खोड कसंबसं ओलांडीन. ओढा काही जमायचा नाही."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. तूच पहिली."

यमुना धावत घरी आली आणि तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"तिला काय कळतंय?" बाबाजी म्हणाला. "ती नुसती धावते. शास्त्रीबुवांचा अभ्यास आहे."

"अहो, पण गुडघा तिचा आहे!"

"तेच तर. स्वतःच्या गुडघ्याबद्दल कुणी तटस्थ राहू शकतं का?"

बाबाजीने पंच असलेल्या अस्वलाकडे जाऊन पैज लावली.

मैनावती जाळी ओलांडून गेली. खोडावरून गेली. ओढ्यापाशी थांबली. मागून वावटळ नावाचा काळा घोडा आला आणि उडून पुढे गेला. मैनावती हळूच ओढ्यात उतरली आणि थंड पाण्यात गुडघा बुडवून उभी राहिली.

सोमवारी संध्याकाळी शास्त्रींनी खुलासा केला.

"टिप बरोबर होती," ते म्हणाले. "घोडी चुकली."

बाबाजी समाधानाने घरी आला. असं नीट समजावून सांगितलं की हरल्यासारखं वाटत नाही, असं तो म्हणाला. यमुना घरी नव्हती. ती झऱ्यावर गेली होती.

रात्री ती परतली तेव्हा तिचा डावा कान फाटलेला होता. बिबट्याची झेप जराशी चुकली होती. बाबाजीने कानाला पाला चोळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढच्या वेळी मी शास्त्रीबुवांचं आणखी लक्ष देऊन ऐकेन," तो म्हणाला.

शुक्रवारी शास्त्री म्हणाले, "वावटळ. मैनावतीचं नावही काढू नका. जी घोडी ओढ्यात उतरते ती मनाने खचलेली असते."

शनिवारी सकाळी यमुना पुन्हा माळावर गेली.

"पाण्याने सूज उतरली," मैनावती म्हणाली. तिने चार पावलं दुडक्या चालीने टाकून दाखवली. "आज उडते बघ. वावटळच्या खुरात मात्र काटा गेलाय. सकाळपासून कण्हतोय बिचारा."

यमुना तिथून थेट अस्वलाकडे गेली आणि घराची पाळी मैनावतीवर लावून आली. बाबाजीला कळलं तेव्हा तो लाजेने कुणाला तोंड दाखवेना.

मैनावती जिंकली. वावटळ सातवा आला. साऱ्या जंगलाने वावटळवर पैज लावली होती. आता आठवडाभर पाणवठ्यावर पाणी पिणारी एकटी यमुनाच.

त्याच संध्याकाळी सभा भरली. सगळ्यांचे घसे कोरडे होते.

"तुला कसं कळलं गं?" अस्वलाने विचारलं.

"घोडीला विचारलं," यमुना म्हणाली.

एक सांबर म्हणालं, "शी!"

"हे फार गंभीर आहे," शास्त्री ढोलीतून म्हणाले. "आम्ही इथे वाऱ्याचा, वंशाचा आणि शिस्तीचा विचार करायचा आणि हिने जाऊन सरळ विचारायचं! मग अभ्यासाला अर्थ काय राहिला?"

मैनावतीला बोलावलं. "तू हिला सांगितलंस?"

"तिने विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलं असतंत तर तुम्हालाही सांगितलं असतं."

"म्हणजे कबूल आहे," अस्वल म्हणालं आणि त्याने निवाडा दिला. शर्यत रद्द. सगळ्यांना पाळ्या परत. यमुनेची पाळी उन्हाळाभर बंद. घोड्यांनी आपल्या गुडघ्यांविषयी बोलायचं नाही. शास्त्रींना झालेल्या मनस्तापाबद्दल रोज एक पाळी जास्त.

निवाडा मान्य असणाऱ्यांनी पाय वर करायचा होता. बाबाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पाय वर केला. यमुनेने ते पाहिलं.

ती उठली आणि झऱ्याच्या वाटेला लागली. थोड्या वेळाने मैनावती तिच्या मागोमाग गेली. भेकरावर झेप घेणं बिबट्याला सोपं होतं, पण शेजारी लाथ मारणारी घोडी उभी असली की त्याला दुसरी कामं आठवत. दोघी तिथेच राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर यमुनेला मुलगी झाली.

बाबाजी अजून दर शुक्रवारी वडाखाली बसतो. बायको कुठे गेली असं कुणी विचारलं, तर तो सांगतो की शास्त्रीबुवांना याची आधीपासूनच कल्पना होती.

तात्पर्य: बाळांनो, जाणत्यांचं ऐकून हरणाऱ्याला चारचौघांत बसायला जागा मिळते. घोडीला विचारून जिंकायचंच असेल, तर आधी बिबट्याचा शेजार चालेल का ते पाहावं.