विहीणबाईंच्या ऑर्किडचा कोंब

ऑर्किड वाढवायला अक्कल लागते, असं ऑर्किड वाढवणारे लोक सांगतात. त्यातले बरेच मी जवळून पाहिले आहेत. त्यांना जमतं, म्हणजे अक्कल लागत नसावी, असं माझं ठाम मत होतं! म्हणून लेकीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, ऑर्किडची कुंडी घेऊन आल्या तेव्हा मी पेपरातून मानही वर काढली नाही.

कुंडीत माती नव्हती, नुसते सालपटांचे तुकडे. वर चार जाडजूड पानं. फूल नाही, वास नाही, पण ऐट अशी, की घर त्याचं आणि भाडेकरू आम्ही!

विहीणबाई सूचना देत होत्या. पाणी हवं, पण साचायला नको. ऊन हवं, पण पडद्याआडून. वारा हवा, पण झोत नको. आम्ही मुलगी दिली तेव्हासुद्धा इतक्या सूचना दिल्या नव्हत्या!

"जमेल ना?" त्यांनी शेवटी बायकोला विचारलं. "नाहीतर परत नेते हो. तुमच्याकडे वस्तू टिकत नाहीत, म्हणून म्हटलं."

हे बायकोला झोंबलं. त्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, काचेचे पेले फुटले होते. दोन्ही कामगिऱ्या माझ्या, पण नाव तिचं झालं होतं. दार लागताच ती म्हणाली, "हे झाड गेलं, तर मी त्या घराची पायरी चढणार नाही. लेकीला भेटायला कुठल्या तोंडाने जायचं?"

"झाड माझ्यावर सोपव. फूल काढून दाखवतो!"

"तुम्ही फक्त हात लावू नका."

ही सूचना मी बाकीच्या सूचनांबरोबरच सोडून दिली.

कामाला लागलो. झोत नको म्हणून दिवाणखान्यातला पंखा बंद केला. आम्ही घामाने निथळलो, ऑर्किड मात्र ढिम्म! दमट हवेसाठी कुंडी न्हाणीघरात ठेवली. गरम पाण्याच्या वाफेत ते महाराज निवांत बसायचे आणि आम्ही अंग चोरून आंघोळ उरकायचो.

आणि एक दिवस पानाखालून कोंब फुटला! चांगला जाड, रुपेरी, टोकाला हिरवा. मी त्याला काठीचा आधार दिला, रेशमी फीत बांधली. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना मुद्दाम बोलावून दाखवला.

"हे फुलाचंच कशावरून?" बँकवाले.

"मूळ खाली जातं, फूल वर येतं. बँकेत हे शिकवत नाहीत!"

पुढे त्याच्या बाजूने आणखी काहीतरी डोकावलं. हिरवं, किडकिडीत, वाकडं. माझ्या कोंबाचं अन्न पळवायला आलेलं बांडगूळच ते! कात्री घेतली आणि उडवलं.

इकडे बायकोने आनंदाच्या भरात विहीणबाईंना फोन लावला. "फूल येतंय हो आमच्याकडे!"

"अगं बाई! मग रविवारी बघायलाच येते."

रविवार उजाडला तरी कोंबाला कळीचा पत्ता नाही! लांबी मात्र वाढत चाललेली, एखाद्या कंटाळवाण्या भाषणासारखी. मी दुकानात धावलो, जांभळं कापडी फूल आणून दोऱ्याने टोकाला बांधलं आणि कुंडी न्हाणीघरातून पुन्हा दिवाणखान्यात आणून मांडली.

"अहो, हे कापडाचं आहे!" बायको किंचाळली.

"लांबून कळत नाही."

"त्या लांबून बघणार आहेत का?"

"चष्मा विसरल्या तर?"

विहीणबाई दोन चष्मे घेऊन आल्या. जवळचा लावला आणि कुंडीवर वाकल्या.

"फूल कापडाचं आहे, ते एक असो," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ते मुळाला का बांधलंय?"

"मुळाला?"

"ऑर्किडची मुळं हवेत बाहेर येतात. सांगितलं होतं मी. तुम्ही पेपर वाचत होतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने पेपरही जळला असता! अब्रू वाचवायला मी हुकमाचं पान टाकलं. "मूळ तर मूळ. पण निगा बघा ना! शेजारी एक बांडगूळ उगवलं होतं, तेही मी वेळीच छाटलं."

विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "त्याचं टोक कसं होतं?"

"चपटं. लहान मुलाच्या हातमोज्यासारखं."

"व्याहीबुवा, तोच फुलाचा दांडा होता!"

खोलीत शांतता पसरली. पंखा बंद असल्याने जरा जास्तच. मग विहीणबाई हळूच बायकोजवळ सरकल्या.

"घड्याळसुद्धा यांनीच?"

"दुरुस्त करत होते."

"आणि पेले?"

"नीट रचून ठेवत होते."

"अगं, मग आधी नाही का बोलायचं! मी इतके दिवस तुलाच नावं ठेवत होते. आमच्याकडेही असाच एक आहे!"

आणि ज्या दोघी इतकी वर्षं एकमेकींशी तोलूनमापून बोलत होत्या, त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या. संध्याकाळी दोघी कुंडी घेऊन निघाल्या. बायको लेकीकडे चार दिवस राहून येणार होती. तिने पिशवी कधी भरली, मला कळलंही नाही.

कापडी फूल तेवढं विहीणबाई माझ्यासाठी काठीसकट ठेवून गेल्या. या वेळी सूचना एकच होती: "हात लावू नका."

काल त्याचीही एक पाकळी गळाली.