पद्मक्कांचं चुकलेलं भाकीत

पद्मक्का घराबाहेर पडायच्या त्या राहुकाळात. अख्ख्या बंगळुरात हे धाडस करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही, आणि ही बाई तर ज्योतिषी! इथे देव न मानणारा माणूससुद्धा राहुकाळ मानतो. रोजच्या त्या दीड तासात कुणी नवी गाडी घरी आणत नाही, कागदावर सही करत नाही, मुलगी बघायला जात नाही. पद्मक्का नेमक्या तेव्हाच बँकेत जायच्या. "काउंटर मोकळा असतो की हो, सबनीस," त्या म्हणायच्या. "लोकांना राहूची भीती, मला रांगेची."

गेल्या महिन्यात त्या गेल्या, झोपेतच. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. वय झालं होतं, माणूस जायचाच. तापलंय ते त्यांच्या शिष्यांमुळे.

त्या दिवशी गाडी दारात उभी होती, सगळी तयारी झाली होती. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर निनादने हात आडवा घातला. निनाद हा त्यांचा पट्टशिष्य. मूळचा पुण्याचा, एचएसआर लेआउटमध्ये राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "काका, प्लीज, राहुकाळ स्टार्ट झालाय. थोडं वेट करू, मग मूव्ह करू." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! जन्मभर राहुकाळात हिंडलेल्या बाईला या गाढवांनी राहुकाळ संपेपर्यंत अंगणात तिष्ठत ठेवलं. ड्रायव्हर "लेट आयतु सार, लेट आयतु" करत फेऱ्या मारत होता. पद्मक्का उठून बसल्या असत्या तर पहिली थप्पड निनादला पडली असती.

माझा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना आहे. हेब्बाळला आमचं आणि पद्मक्कांचं घर भिंतीला भिंत लागून. ज्योतिषावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हे मी त्यांना तीसेक वर्षं तोंडावर सांगत आलो. भांडण मिटवायची घाई दोघांनाही नव्हती. त्या इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. माझा मुद्दा त्यांना पटला नाही की "सुम्ने बसा" म्हणून गप्प करायच्या, आणि पटला की "सरी, सरी, चहा घ्या" म्हणून विषय बदलायच्या. त्यांची धाकटी बहीण शांतक्का आत स्वयंपाकघरात. दोघींनीही लग्नं केली नव्हती.

मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ज्योतिषावर पुस्तकं लिहिली, विटेएवढी जाड. त्यात एकही तोडगा नाही. खड्याच्या अंगठ्यांवर तर त्यांचा विशेष राग. कुणी "अक्का, कुठला खडा घालू?" विचारलं की कडाडायच्या, "ग्रह काय तुमच्या सोनाराचे मेहुणे आहेत काय?"

दर रविवारी व्हरांड्यात त्यांचा वर्ग भरायचा. तिथे एकच मंत्र: "आधी गणित दाखवा, मग उत्तर सांगा." कुणी मोबाइलवर पत्रिका काढून आणली की उलटतपासणी सुरू. "जन्मवेळ कुणी सांगितली?" "आईने." "अय्यो! आईने त्या वेळी घड्याळ बघितलं काय? तिला तेवढंच काम होतं काय?" एक मुलगा नोकरी सोडू का विचारायला आला. साहेब छळतो म्हणे, साडेसाती असेल. पद्मक्कांनी पत्रिका न बघताच परत दिली. "साहेब वाईट आहे तर शनीला कशाला बदनाम करता? दुसरीकडे अर्ज करा." मी भिंतीपलीकडून हे ऐकत बसायचो. टीव्हीपेक्षा करमणूक चांगली होती.

आणि याच बाईने माझ्या बायकोबद्दल ते भाकीत केलं.

माझी बायको नलिनी आजारी होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. एका संध्याकाळी नलिनीने पद्मक्कांकडे जायचा हट्ट धरला. मी धुसफुसत सोबत गेलो. पद्मक्कांनी तिची पत्रिका मांडीवर घेतली, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "नलू, स्वल्पसुद्धा घाबरू नको. तुला आयुष्य आहे. नातवाची मुंज बघशील." नलिनी छान हसली. मी नाक मुरडलं.

दिवाळीच्या आधीच नलिनी गेली.

पुढच्या रविवारी मी भर वर्गात त्यांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तोंडाला येईल ते बोललो. मरणाऱ्या बाईला खोटी आशा लावायला लाज नाही वाटली, असंही म्हणालो. शेवटी त्यांचाच मंत्र त्यांच्यावर फेकला: "दाखवा ना आता गणित!" तीस-चाळीस माणसं बघत होती. पद्मक्का खुर्चीतून उठल्या. हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यानंतरच्या रविवारी वर्ग निम्मा झाला होता.

खरं सांगतो, त्या दिवसापासून मी त्यांना मनातून मानायला लागलो. शास्त्र खोटं, पण बाई खरी. भर वर्गात आपली चूक कबूल करणारा ज्योतिषी मला दाखवा.

म्हणून परवाच्या शोकसभेत माझा तोल गेला. निनाद माइकवरून सांगत होता, "अक्कांचं एकही प्रेडिक्शन कधी फेल गेलं नाही. स्वतःचा एंडसुद्धा त्यांना माहीत होता." लोक हळहळले. मी उभा राहिलो. म्हणालो, "आदल्या संध्याकाळी त्यांनी शांतक्काला इडलीचं पीठ वाटायला सांगितलं होतं. मरायला निघालेली बाई पीठ आंबवायला ठेवते? आणि त्यांचं भाकीत चुकलं होतं. माझ्या घरात चुकलं. त्यांनी ते चारचौघांत कबूल केलं होतं. ती कबुली पुसून टाकायचा तुम्हाला काय अधिकार?" निनाद म्हणाला, "काका, तुम्ही इमोशनल झालाय." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. बाहेर येऊन चपला शोधायला लागलो.

मागोमाग शांतक्का आली. इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी चहा-साखरेपलीकडे बोललेली नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "अक्काचं चुकलं नव्हतं हो."

"म्हणजे तुम्हीपण त्यांच्यातल्याच!" मी ओरडलो.

"तसं नव्हे. तिने नलूची पत्रिका कधी मांडलीच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ते पुरे, म्हणाली. त्या दिवशी मांडीवर घेतली, ती नुसती दाखवायला."

मला काही कळेना. शांतक्काने माझ्या दंडाला धरून मला बाकावर बसवलं.

"आदल्या दिवशी नलू एकटीच आली होती. म्हणाली, हे जेवत नाहीत, झोपत नाहीत, कारखाना बंद पडलाय. माझ्याआधी यांचंच काहीतरी होईल. अक्का, उद्या मी यांना घेऊन येते, यांच्यादेखत सांगा मला आयुष्य आहे म्हणून. अक्का म्हणाली, तो कुठला विश्वास ठेवतोय? तर नलू म्हणाली, ठेवणार नाहीत, पण ऐकतील."

"आणि मी वर्गात ओरडलो तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलं?"

"नलूने शब्द घेतला होता ना. अक्का घरात येऊन मला म्हणाली, ओरडू दे, ओरडला की तेवढंच त्याला हलकं वाटेल."

मला संताप आला. अजून आलेलाच आहे. दोन बायकांनी संगनमताने मला फसवलं. ज्या एका कबुलीसाठी मी पद्मक्कांना मानत होतो, तीसुद्धा खोटी निघाली. खऱ्याखोट्यासाठी लोकांची पोरं रडवणाऱ्या बाईने माझ्यासाठी आपलं नाव घालवलं, आणि पुढे रोज भिंतीपलीकडून माझी टोमणेबाजी ऐकत राहिली. भांडायला आता दोघींपैकी एकही नाही.

आणि मी ऐकेन हे नलिनीचं म्हणणं खरं होतं, हे तर सगळ्यात वाईट. त्या संध्याकाळी पद्मक्कांकडून परतताना मी आमच्या जिन्यात त्यांची भरपूर टिंगल केली. घरी आल्यावर शांतक्काने डब्यात दिलेला बिसीबेळे भात ताटात घेतला, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. नलिनी समोर बसून माझ्याकडे बघत होती. चेहरा अगदी निवांत होता. मला वाटलं, भाकीत ऐकून बिचारीला बरं वाटलंय.