अण्णा बर्फात जाऊन आले

दिवस मावळल्यावर देवगोंडा अण्णा अन्नाला शिवत नसत, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगलीत आमच्या गल्लीत निम्मी घरं जैनांची, आणि तो नियम सगळीच पाळत. पण बाकीची मंडळी पाच-साडेपाचला शांतपणे जेवून मोकळी व्हायची. अण्णांना ते जमायचं नाही. शेतावरून उशिरा यायचं, पाय धुता धुता पश्चिमेकडे बघायचं आणि आत बहिणीला हाक मारून ओरडायचं, "आक्का, दिवस हाय तवर वाढ!" मग ताट आणि सूर्य यांची शर्यत लागायची. बहुतेक वेळा अण्णा जिंकत.

एकदा एका लग्नात पंगत लांबली. जिलबी अण्णांच्या पानापर्यंत आली आणि मांडवात अंधारून आलं. शेजारच्याने हात आखडता घेतला. अण्णा पान उचलून सरळ कार्यालयाच्या गच्चीवर गेले आणि तिथल्या पाण्याच्या टाकीवर चढले. खालून वधूपिता घाबरून विचारतोय, "अण्णा, काय झालं? काय चुकलं का आमचं?" वरून उत्तर आलं, "न्हाई, न्हाई! वर अजून दिवस हाय!" जिलबी संपवून, तोंड पुसत, विजयी मुद्रेने उतरले.

असा हा सहा फुटी माणूस. धोतर, कोट, पांढरी टोपी. नदीकाठी ऊस आणि हळद. मी मूळचा साताऱ्याकडचा, औंधचा. शाळेत मास्तर म्हणून सांगलीत आलो आणि अण्णांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यांची बायको फार लवकर गेली. थोरली विधवा बहीण, जिला सगळी गल्ली आक्का म्हणे, तिने घर सांभाळलं आणि अण्णांची एकुलती लेक पद्मा वाढवली.

पद्मा हुशार. मिरजेला राहून डॉक्टर झाली, पुढचं शिकायला विलायतेला गेली, आणि तिथून एक दिवस कळवलं की मी बोटीवर डॉक्टर म्हणून लागले.

आक्काने कपाळाला हात लावला. "बोटीवर डॉक्टर कशापायी? बोट काय आजारी पडतीया?"

मी समजावून सांगितलं, की लहानशी पण थाटाची बोट आहे, शे-सव्वाशे श्रीमंत प्रवासी असतात, त्यांना पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला बर्फ बघायला नेतात.

"बर्फ बगायला?" अण्णा म्हणाले. "मग सांगलीला या म्हणावं. आपल्या बाजारात बर्फाचा कारखाना हाय. मी दावतो."

हसले खरे, पण त्या दिवसापासून अण्णांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पोरीने तिशी गाठलेली. कुपवाडला स्वतःचं वर्कशॉप असलेल्या एका चांगल्या घरातून मागणी आलेली, आणि ती माणसं उत्तरासाठी थांबलेली. अशात पद्माचा निरोप आला. बोटीवरच्या डॉक्टरला घरच्या एका माणसाला पाहुणा म्हणून आणता येतं, तर अण्णा, तुम्ही याच.

आक्काने तिथल्या तिथे ठरवलं. "जा. आनि पोरीला संगट घेऊन ये. तिला घेतल्याबिगर ह्या उंबऱ्यात पाऊल टाकू नको."

"आणतो," अण्णा म्हणाले. "बाप हाय मी तिचा. माझं ऐकल ती."

आणीबाणी उठली त्या वर्षाची ही गोष्ट. डिसेंबरात निघायचं होतं. अण्णांनी नोव्हेंबरातच थंडीचा सराव करायचं काढलं. "मास्तर, तुमच्या साताऱ्याकडं चांगला गारठा असतो. चला." आम्ही एस.टी.ने महाबळेश्वरला गेलो. भल्या पहाटे अण्णा धोतर आणि बनियनवर तळ्याकाठी उभे राहिले. मी दोन स्वेटर घालून साक्षीदार. दात वाजत असताना ते म्हणाले, "क-क-काय न्हाई ह्यात." सांगलीला परतल्यावर चार दिवस अंथरुणात होते. उठल्यावर म्हणाले, "सराव झाला. आता कसलंबी बर्फ येऊ दे."

सांताक्रूझच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. लंडनला पद्मा न्यायला येणार होती. सामानात एक घोंगडं, पाणी गाळायला दोन फडकी, दशम्या, लसूण न घातलेली शेंगांची चटणी आणि डबाभर भडंग. विमानाकडे जाताना त्यांनी एकदाच मागे वळून बघितलं. एवढा मोठा माणूस त्या वेळी मला शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा दिसला.

जानेवारी संपता संपता अण्णा परत आले. पुढे काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी बर्फाचे डोंगर थोडे उंच व्हायचे, एवढाच फरक.

बोटीचा थाट बघून अण्णा आधी दबूनच गेले. "पायाखाली ही अशी मऊ लोकर, मास्तर. चप्पल काढून हातात घेतली. तर तो पांढरं हातमोजं घातल्याला गडी माझ्या हातातनं घेऊन परत पायात घालाय लागला!" मग समुद्र खवळला. तो सगळा टप्पा अण्णा खोलीत आडवे होते. "दोन दिवस मी माझाच न्हवतो. आतडं वर आनि डोस्कं खाली. पद्मा यायची, औषध द्यायची, लगीच दुसऱ्याकडं पळायची. सगळी बोटच वकत हुती म्हणा की."

समुद्र शांत झाला, बर्फ दिसायला लागलं, आणि अण्णांपुढे खरा पेच उभा राहिला. सूर्य मावळेना. घड्याळात रात्रीचे आठ, बाहेर आपल्या चारसारखं ऊन. नऊ, तरी ऊन. पहिल्या दिवशी अण्णांनी मनाला आवरलं. दुसऱ्या दिवशी पद्माला विचारलं, "हितं दिवस कवा बुडतो?"

"अण्णा, इथं आता बुडतच नाही म्हणा ना. टेकतो आणि परत वर येतो."

"म्हंजे दिवसच हाय?"

"दिवसच."

जन्मभर ज्याच्याशी शर्यत लावली तो सूर्य असा बसकण मारून बसलेला. अण्णांनी पहिल्यांदा आयुष्यात सावकाश जेवण केलं. पद्माने आचाऱ्याला सगळं समजावलं होतं, त्यामुळे ताटात पाव, लोणी, उकडलेला वाटाणा आणि फळं. पण ते त्यांनी इतक्या संथपणे, इतका वेळ खाल्लं, की बाकीचे लोक उठून गेले, पियानोवाला थांबला, गडी खुर्च्या उचलायला लागले, तरी अण्णा खिडकीतून सूर्याकडे बघत एकेक वाटाणा तोंडात टाकत होते.

बर्फाचे डोंगर त्यांना सांगलीच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या ढेपांच्या थप्पीसारखे वाटले, "पण चुना लावल्याल्या." पेंग्विनांविषयी मत असं, की "लांबनं बगितलं तर कोर्टातलं वकील. जवळ गेलं की निव्वळ कोंबड्याचं खुराडं. नाक धरूनच बगायचं." एकदा दुपारी बोटीजवळ बर्फाचा कडा कोसळला आणि गडगडाट झाला. कोयनेच्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या माणसाला असा आवाज ऐकला की एकच सुचतं. अण्णा "भूकंप! भाईर पळा!" म्हणून ओरडत, घोंगड्यासकट, शेजारच्या टेबलावरच्या दोन मडमांचे हात धरून बाहेर धावले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की मोकळं मैदान कुठेच नाही. कप्तान पोट धरून हसला. त्या दिवसापासून त्याने अण्णांना आपल्या टेबलावर बसवलं. अण्णांनी त्याला भडंग दिलं. त्याने ते चमच्याने खाल्लं. "माणूस चांगला, पर खायाची रीत न्हाई," असं अण्णा सांगत.

हे सगळं चाललं होतं, पण ज्या कामाला आलो ते बोलायला तोंड उघडत नव्हतं. उद्या बोलू, परवा बोलू. पद्मा समोर आली की ते पेंग्विनांवर बोलायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलं, आज विचारायचंच. नेमकं त्याच दिवशी प्रवाशांची एक टोळी छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर गेलेली. तिथे एक म्हातारी बाई घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. निरोप आला आणि पद्मा दुसऱ्या होडीतून निघाली. अण्णांनी कठड्यावरून हात केला. तिचं लक्ष नव्हतं.

ती पोचली असेल नसेल, तोवर धुकं उतरलं. किनारा गेला, डोंगर गेले, पाणीसुद्धा दिसेना. वारा फिरला आणि बर्फाचे तुकडे बोटीभोवती येऊन दाटायला लागले. बोटीचा भोंगा थांबून थांबून वाजत होता. खलाशी एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, आणि भाषा कळत नसली तरी हळू आवाज कुणालाही कळतो.

अण्णा कठडा धरून उभे राहिले. कप्तानाने खुर्ची पाठवली, बसले नाहीत. गड्याने गरम सूप आणलं, ते तसंच निवलं. ओठात णमोकार मंत्र चालू. घड्याळात दुपारची संध्याकाळ झाली.

"काय सांगू मास्तर," ते मला म्हणाले, "ऊस जळाला, पुरात हळद गेली, पद्माची आई गेली. तवाबी मी असा भ्यालो न्हवतो. नुसतं पांढरं. देवालाबी दिसत नसंल, असं पांढरं."

मग धुक्यातून आधी आवाज आला. बाईचा. कुणावर तरी खेकसणारा. इंग्रजी असलं तरी अण्णांनी आवाज ओळखला. मागोमाग होडी दिसली. म्हातारीला फळीला बांधलेलं, तिचं डोकं पद्माच्या मांडीवर, आणि पद्मा त्या आडदांड खलाशांना हुकूम सोडतेय. हळू, इकडून, तो दोर आधी. आणि ते दाढीवाले निमूट ऐकतायत.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. वर येताच पद्माने बापाकडे बघितलं. केस भिजलेले, ओठ निळे. म्हणाली, "अण्णा, अजून बाहेर काय करताय? गारठाल. आत जा बघू!" आणि म्हातारीबरोबर निघून गेली.

"मला वरडली, मास्तर! येवढ्या लोकांत!" हे सांगताना अण्णांचा चेहरा असा फुललेला असायचा, की कुणाला वाटावं राष्ट्रपतींनी सत्कार केला.

बऱ्याच वेळाने काम संपवून पद्मा खोलीत आली. म्हातारी वाचली होती. अण्णांनी उरलेली शेवटची दशमी चटणी लावून तिच्या हातात दिली. अर्धी खाऊन ती बसल्या जागी झोपली. अण्णांनी तिच्यावर घोंगडं घातलं, हळूच बाहेर आले आणि दाराला पाठ लावून गालिच्यावर बसून राहिले. कप्तान चौकशीला आला, तर ओठांवर बोट ठेवून त्यालाही परत पाठवला.

सांगलीला अण्णा एकटेच टांग्यातून उतरले. आक्का दारातच उभी.

"पोरगी कुठाय?"

"कामावर हाय."

"आनि कुपवाडची माणसं?"

"मी सांगतो त्यास्नी," म्हणाले, आणि आक्काच्या बाजूने वाट काढून उंबरा ओलांडून आत गेले. दुसऱ्या दिवशी कुपवाडला जाऊन नम्रपणे नाही सांगून आले. आक्काने आठवडाभर अबोला धरला, मग तीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आमच्या पद्माचं बोटीवर कप्तानबी ऐकतो."

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं अण्णांच्या हळदीच्या रानात बांधावर बसलो होतो. काढणी चालू होती. मी सहज म्हटलं, "अण्णा, तिनं यायला नकार दिला तेव्हा वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"नकार कुठं दिला तिनं?"

"म्हणजे?"

"मी इचारलंच न्हाई."

"अहो, त्याच्यासाठी तर गेलात एवढ्या लांब! का नाही विचारलं?"

अण्णांनी हळदीचा एक गड्डा उचलला आणि त्याची माती अंगठ्याने पुसली.

"ती व्हय म्हणाली असती, मास्तर," ते म्हणाले.