वासूभाऊंची डिक्की

वासूभाऊ मेश्रामांच्या घराची घंटी पाहुण्याला सापडत नाही. दार आहे, दारावर पितळी पाटी आहे, पण बटण कुठेही नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बराच वेळ चौकट चाचपत उभा होतो. शेवटी आतून आवाज आला, "सर, म दाबा, म! शेवटचा!" पाटीवरच्या 'मेश्राम'मधलं शेवटचं अक्षर दाबलं की घंटी वाजते. कुरिअरवाल्यांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे मेश्रामांची पार्सलं शेजारी माझ्याकडे येतात. ती पोचवायला गेलो की वासूभाऊ खूश होतात. "पाहा, त्यालेही नाही सापडलं!"

वासूभाऊंचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं: दिसाले नाही पायजे. वस्तू असावी, चालावी, पण दिसू नये. त्यांच्याकडे इस्त्रीचं टेबल भिंतीतून निघतं आणि टीव्ही कॅलेंडरमागे असतो. फ्रिज तर दारामागे असा दडवलाय, की बाथरूम समजून मी तो उघडला आणि दुधाच्या पातेल्यासमोर ओशाळा होऊन उभा राहिलो. "तुमी पहिले नाही सर," प्रमिलावहिनी म्हणाल्या, "माह्या भावानं तर टॉवेल घेऊन उघडला होता." वासूभाऊ सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहेत. तिथल्या फायलींचं काय होत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. माझ्या हातांना पुस्तकाचं पान उलटण्यापलीकडे काही येत नाही. दिवा गेला तर बायको स्टुलावर चढायची आणि मी खाली स्टूल धरून तिला विजेच्या शोधाचा इतिहास सांगायचो. ती गेली तेव्हापासून स्टूल कोपऱ्यात पडून होतं, आणि मीही जवळपास तसाच. अशाच एका संध्याकाळी वासूभाऊ कुंपणावरून म्हणाले, "सर, मोकळे हा का? बॅटरी धराले माणूस पायजे."

मोकळा तर मी होतोच. गेलो. पुढे उन्हाळाभर जात राहिलो. एकदा तापाने दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळलो, तेव्हा खिडकीतून दिसलं की त्यांनी बॅटरी लोहचुंबकाने डिक्कीच्या झाकणाला चिकटवली आहे, आणि काम उत्तम चाललं आहे. बरा झाल्यावर मी पुन्हा गेलो. लोहचुंबक कुठेच दिसला नाही. मीही विचारलं नाही.

काम होतं त्यांच्या जुन्या गाडीच्या डिक्कीचं. तिच्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा होता, तोही डिक्की उघडणाऱ्याला पत्ता लागणार नाही असा. कारण होतं त्यांचे वडील.

मेश्रामबाबा तरुणपणी कुहीकडच्या आपल्या गावात गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. भीमगीतांचे कार्यक्रम असले की आसपासच्या गावांहून बैलगाडी त्यांना न्यायला यायची. मग उमरेडच्या खाणीत नोकरी लागली आणि सुरुंगांच्या आवाजाने वर्षांमागून वर्षं कान खाल्ले. बाबांना ते मान्य नाही. "मले सगळं ऐकू येते. आताचे लोकंच तोंडातल्या तोंडात बोलतात." काठी आणली तर ती त्यांनी वेलाला आधार म्हणून रोवली. जिन्याला कठडा लावला तर बाबा दुसऱ्या बाजूने उतरायला लागले. आपल्यासाठी म्हणून काही केलेलं त्यांना खपत नाही.

गेल्या जयंतीला विहारात गाण्यांचा कार्यक्रम होता. बाबा पहिल्या रांगेत बसून ताल धरत होते. गाणं संपलं, सगळे थांबले, तरी त्यांची टाळी चालूच. मागे कुणीतरी हसलं. ते हसणं बाबांना ऐकू आलं नाही, पण वळून पाहिल्यावर दिसलं. तेव्हापासून ते कुठल्या कार्यक्रमाला गेले नाहीत. घरातही गाणं लागलं की उठून अंगणात जायचे.

"बारीक आवाज जाते सर, पण जाडा आवाज हाडाले समजते," वासूभाऊ मला सांगत होते. "ढोलकीचा डाव्या हाताचा ठोका खालून पाठीले लागला, तर बाबाले गाणं सापडंन. सीटखाली मोठा स्पीकर टाकतो. त्याले ताकद द्याले अ‍ॅम्प्लिफायर. पण..."

"दिसायला नको," मी म्हणालो.

"शंभर टक्के! बाबाले समजलं की आपल्यासाठी हाये, तर गाडीत पायच नाही ठेवणार."

अडचण अशी की बाबा गाडीत बसण्याआधी डिक्की स्वतः उघडतात. पिशवी स्वतः ठेवतात, स्टेपनीवरचं झाकण उचलून हवा दाबून पाहतात, मगच बसतात. खाणीत उतरण्यापूर्वी सगळं तपासायची सवय. त्यामुळे वासूभाऊंनी बेत केला तो असा: मागच्या सीटच्या पाठीमागे एक चपटा कप्पा. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या ड्रॉवरच्या चॅनलवर तो पुढेमागे सरकणार. बंद असताना स्टेपनीच्या वर सपाट बसणार, वरून डिक्कीचंच कार्पेट. एका कोपऱ्यात हात जाईल एवढी फट ठेवली, की बाबांना टायर दाबून पाहता यावा. आणि ब्रेक मारल्यावर कप्पा धाडकन बाहेर येऊ नये म्हणून खटका. खटका सोडवायला सायकलच्या ब्रेकची केबल, तिच्या टोकाला कडी.

खरा प्रश्न होता ती कडी कुठे लपवायची. पहिल्यांदा ती डिक्कीतल्या दिव्यामागे लावली. "बाबा दिवा पुसतात," वासूभाऊंनी स्वतःच नामंजूर केलं. मग बिजागरीपाशी. "तेल देतात." प्रमिलावहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघे डिक्कीत डोकं घालून उभे असलेले पाहून म्हणाल्या, "सर, तुमी तं शिकले-सवरले. हे भैताडासारखे करून राहिले, त्यायले काही सांगाचं सोडून तुमीही आत शिरून राहिले?"

"वहिनी, तांत्रिक प्रश्न आहे," मी गंभीरपणे म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य म्हणायला मिळालं होतं.

शेवटी वासूभाऊंना जागा सुचली. "स्टेपनीच्या खाली! टायर बाबा वरूनच दाबतात, उचलत नाहीत. तिथं हात जाणारच नाही, शंभर टक्के!"

मी बॅटरी त्या गोल खोलगट जागेत मारली. कडी तळाशी सुंदर बसत होती. ओढली की खटका सुटायचा, कप्पा लोण्यासारखा पुढे यायचा. आम्ही पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. स्टेपनी तेव्हा बाहेर अंगणात, भिंतीला टेकून उभी होती. "अप्रतिम!" मी म्हणालो. मी बुद्धिमान माणूस आहे असं माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

बाबांच्या पुतण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गावी ठरलं आणि बाबा यायला तयार झाले. वहिनी तयारीला म्हणून आदल्या दिवशीच एसटीने गेल्या. वासूभाऊंनी मलाही ओढलं. निघताना स्टेपनी जागेवर ठेवली, कप्पा आत ढकलला, टक् असा आवाज आला. बाबांनी डिक्की उघडली, पिशवी ठेवली, फटीतून टायर दाबला, कार्पेटवरून हात फिरवला. वासूभाऊ श्वास रोखून उभे होते. "कार्पेट नवं टाकलं का गा?" "नाही बाबा, धुतलं." बाबा मागच्या सीटवर बसले, बरोबर स्पीकरच्या वर. आम्ही जिंकलो होतो.

उमरेड रोडला लागल्यावर वासूभाऊंनी जुनी गाणी लावली. ढोलकी सुरू झाली आणि माझा चष्मा नाकावर हलायला लागला. वासूभाऊंचं अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं आरशात. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. आवाज थोडा वाढला. बाबा बाहेरच पाहत होते. आणखी वाढला. माझ्या दातांना ताल कळायला लागला. अखेर बाबा पुढे वाकले. वासूभाऊंचा चेहरा उजळला.

"वासू, गाडीचं काहीतरी ढिलं झालं गा. खालून ठोकून राहिलं."

वासूभाऊंनी आवाज कमी केला. उन्हाळाभराचं काम, आणि बाबांच्या लेखी तो गाडीचा बिघाड. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण सुचायच्या आत कुहीच्या फाट्याजवळ गाडी एका बाजूला झुकली.

"म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले.

मागचा टायर बसला होता. वासूभाऊंनी पुढच्या सीटखालून जॅक काढला, त्याचा दांडा माझ्या हातात दिला, डिक्की उघडली आणि तसेच उभे राहिले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने माझ्याही डोक्यात उजेड पडला. स्टेपनी काढायची तर कप्पा सरकवायला हवा. कप्पा सरकवायचा तर कडी ओढायला हवी. कडी स्टेपनीच्या खाली.

"सर," वासूभाऊ कुजबुजले, "तुमी तं अप्रतिम म्हटलं होतं."

"तुम्हीही शंभर टक्के म्हणाला होतात."

"आता काय कराचं?"

"मी बॅटरी धरू का?" मी विचारलं. ऊन टळटळीत होतं.

वासूभाऊंनी फटीतून हात घालून पाहिला, तो मनगटापर्यंत गेला आणि अडकला. मी तो ओढून काढला. तोवर बाबा उतरून आमच्यामागे आले होते. "हवा तं बरोबर हाये तिची, म्या पाह्यली. काढत काहून नाही?" त्यांनी माझ्या हातातला जॅकचा दांडा घेतला, फटीत घातला आणि खाणीतल्या माणसाच्या जोराने एकदाच दाबला. प्लायवूड कडकड करत फुटलं, खटका तुटला आणि कप्पा सर्रकन पुढे आला. त्यात अ‍ॅम्प्लिफायर, त्याचा निळा दिवा लागलेला. गाणं चालूच होतं.

बाबा त्या दिव्याकडे पाहत राहिले. तारेवर बोट ठेवून ती कुठे जाते ते पाहत ते मागच्या दारापाशी गेले, दार उघडलं, वाकले आणि सीटवर तळवा टेकवला. तसाच ठेवला. वासूभाऊंनी माझा दंड घट्ट धरला होता.

"हे कोणासाठी केलं?" बाबांनी विचारलं.

वासूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. कठड्याचं काय झालं, काठीचं काय झालं, ते सगळं मलाही आठवत होतं. बाबा आता इथूनच परत फिरले असते, पायीसुद्धा.

"सरांसाठी," वासूभाऊ म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कमी ऐकू येते, सर?"

वासूभाऊंची बोटं दंडात रुतली. "हो," मी म्हणालो. मग गरज नसताना मोठ्याने म्हणालो, "थोडं कमीच येतं, बाबा!"

बाबांचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मला नीट ऐकू जावं म्हणून ते माझ्या कानाशी ओरडले, "लाजाचं नाही त्यात! वय झालं की होते! न लाजता सांगत जा लोकायले!" मी मान डोलावली. त्यांनी वासूभाऊंना झापलं, "बिचाऱ्या माणसाले गाणं ऐकाचं हाये, अन तू डब्यात कोंबून ठेवलं. असं लपवतात का गा?"

टायर बदलला. फुटकं प्लायवूड दोरीने बांधलं. बाबा जागेवर बसले आणि म्हणाले, "वाढव आवाज. सरांसाठी." वासूभाऊंनी वाढवला. "अजून वाढव, त्यायले काय समजते एवढ्यात." ढोलकी घुमायला लागली. खाली कोण ठोकतंय ते आता बाबांना ठाऊक होतं. आधी त्यांचा डावा हात सीटवर पडायला लागला, ठोक्यावर नेमका, मग उजवाही. माझ्यासाठी ते हात जरा उंच उचलून वाजवत होते, मला ताल डोळ्यांनी तरी कळावा म्हणून. गाणं जिथे थांबलं तिथे त्यांचे हातही थांबले.

मी ते वळून पाहत होतो. पुन्हा पुढे पाहिलं तर वासूभाऊंनी मधला आरसा पार छताकडे फिरवला होता.

"वासूभाऊ, मागचं दिसणार नाही," मी म्हणालो.

"मागं काही नाही, सर. तुमी समोर पाहा."

मी समोर पाहत राहिलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं होती. वासूभाऊ मधून मधून नाक ओढत होते. पण त्या गाडीत कमी ऐकू येणारा मीच होतो, म्हणून मला ते ऐकू आलं नाही.