ईश्वरप्पांचा उजवा पाय

माणसाच्या देहाचा कोणताही भाग दुखू लागेपर्यंतच फुकट असतो. नाक, कान, गुडघा, सगळं जन्मासोबत मिळतं आणि कोणी त्याचं भाडं मागायला येत नाही. पण एकदा ठणका लागला की तोच भाग घरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखा वागू लागतो. त्याला गादी लागते, उशी लागते, वेळेवर काहीतरी गरम लागतं, आणि त्याच्या चौकशीला येणाऱ्यांना चहा लागतो.

सोलापुरातले सुताचे व्यापारी ईश्वरप्पा यांना हे सत्य १९३४ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, टेनिस खेळताना कळलं.

(सुताच्या व्यापाऱ्याने टेनिस का खेळावं, असं कोणी विचारील. शहरातल्या वकील, डॉक्टर आणि व्यापारी मंडळींनी तेव्हा एक टेनिस मंडळ काढलं होतं. ‘सभासदांचे आरोग्य व परस्पर स्नेह वाढविणे’ असा उद्देश घटनेत नमूद होता. पहिल्या वर्षातच सभासदांचं आरोग्य खालावलं आणि परस्पर स्नेह जवळपास संपला. तरीही मंडळ वाढत गेलं, यावरून घटनेचा पाया किती भक्कम होता ते दिसतं.)

गावाबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून, मुरूम दाबून केलेलं एक मैदान होतं. ईश्वरप्पा तिथे रोज संध्याकाळी धोतराचा काचा मारून उतरत आणि वाईट खेळत. हे निंदेने म्हटलेलं नाही. त्यांची सर्व्हिस सहसा जाळीकडे न जाता ज्वारीत जाई. शेताच्या मालकाने कधी तक्रार केली नाही, कारण चेंडू शोधणारे सभासद जाता जाता पाखरं उठवत. जोड्या लावताना चिठ्ठ्या टाकल्या जात, आणि ज्याच्या वाट्याला ईश्वरप्पा येत त्याला नेमकं घरचं काम आठवे.

पण ईश्वरप्पांचा या खेळावर जीव होता. पेढीवर बसलं की दिवसभर जो तो भाव विचारी. मैदानावर त्यांना कोणी काहीच विचारत नसे. चेंडू यायचा, ते धावायचे, चेंडू निघून जायचा. एवढं निखळ सुख त्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

त्या दिवशी समोर वीरभद्रप्पा होते. हे डाळीचे व्यापारी, ईश्वरप्पांच्या पत्नीचे, म्हणजे शिवबाईंचे चुलतभाऊ, आणि खेळात ईश्वरप्पांच्याच तोडीचे. वीरभद्रप्पांनी मारलेला चेंडू मैदानाबाहेर चालला होता. तो बाहेर जातोय हे पाहणाऱ्यांना दिसत होतं, वीरभद्रप्पांना दिसत होतं, चेंडूलाही बहुधा कळलं होतं. एकटे ईश्वरप्पा त्याच्यामागे जीव खाऊन धावले, चुन्याच्या रेषेपलीकडे पाण्याचा पाट होता त्यात त्यांचा उजवा पाय गेला, आणि ते बसले. चेंडू ज्वारीत गेला.

“दाजी, उठा की,” वीरभद्रप्पा म्हणाले.

“उठलो असतो,” ईश्वरप्पा म्हणाले, “पण पाय न्हाय म्हणतोय.”

मंडळाची तातडीची सभा भरली. दुखापत खेळात झाली की खेळाबाहेर, हा प्रश्न होता. चिटणीस नळदुर्गकर वकील यांनी जागेची पाहणी केली, दोन्ही बाजूंच्या साक्षी घेतल्या आणि ठराव मांडला: घटनेच्या क्षणी सभासदांचा डावा पाय मैदानात होता व उजवा पाय मैदानाबाहेर, सबब सदरहू दुखापत निम्मी खेळातली समजण्यात यावी, आणि त्या प्रमाणात हे मंडळ निम्मा खेद व्यक्त करीत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. उरलेला निम्मा खेद कुटुंबीयांनी आपल्या सोयीने करायचा होता.

कुटुंबात खेद फारसा नव्हता. शिवबाईंना टेनिसची बॅट पहिल्या दिवसापासून झाऱ्यासारखी दिसत आली होती. मोठ्या माणसांनी झारे घेऊन उन्हात पळावं आणि त्यात बुंदी मात्र पडू नये, हे त्यांना कधी पटलं नव्हतं.

“लई सुजलाय,” त्या पायाकडे बघून एवढंच म्हणाल्या आणि हळद गरम करायला उठल्या.

हळदीने पाय पिवळा झाला, पण सूज उतरली नाही. मग वीरभद्रप्पांनी केमहून रेल्वेने एक नामांकित हाडवैद्य आणवला. त्याने पाय दाबून पाहिला, ईश्वरप्पा ओरडले, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली आणि अंड्याच्या पांढऱ्यात चुना कालवून लेप द्यायला सांगितलं.

“अंडं उंबऱ्याच्या आत येनार न्हाय,” शिवबाई म्हणाल्या. हे लिंगायताचं घर होतं, तिथे कांदासुद्धा सोमवारी अंग चोरून असे.

“मग पायाला कसं लावायचं?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“पाय भाईर काढा की. तुमी आत ऱ्हावा.”

त्याप्रमाणे व्यवस्था झाली. उंबऱ्यालगत गादी घातली. उजवा पाय ओसरीवर आणि बाकीचे ईश्वरप्पा घरात, असे त्यांनी दिवस काढले. धर्म राहिला आणि औषधही चाललं. फक्त गल्लीतल्या मांजराला या उपचाराची वर्दी लागली, आणि लेप वाळण्याआधीच ते रोज पायाची चौकशी करून जाऊ लागलं.

हाडवैद्य गेल्यावर मंडळाचेच सभासद डॉक्टर सबनीस आले. त्यांनी प्लास्टर घातलं आणि पायाला महिनाभर जमीन लागू नये असं बजावलं. पेढी घरापासून चार दुकानं सोडून होती, पण टांगा बांधावा लागला. टांग्यात चढवायला दोन माणसं लागत, उतरवायला तीन. (चढलेला माणूस उतरताना जड होतो, हे हमालांचं म्हणणं. ते मान्य करण्यावाचून इलाज नसतो.) वैद्य, डॉक्टर, टांगा, हमाल या सगळ्यांहून महाग पडले ते भेटायला येणारे. त्यांतला प्रत्येक जण एक उपाय घेऊन येई आणि तो सांगून होईपर्यंत दोनदा चहा घेई. निम्म्याहून अधिक लोकांनी स्वतःचा पाय दाखवला. उरलेल्यांनी मेलेल्या नातेवाइकांच्या पायांची हकीकत सांगितली.

असा तो पाय बराच खर्चिक ठरला. पण त्याने जे मिळवून दिलं ते विकत मिळण्यासारखं नव्हतं.

घरी बसून कंटाळा आला म्हणून ईश्वरप्पा टांग्यातून मैदानावर गेले. त्यांच्यासाठी हातांची वेताची खुर्ची आणवली गेली आणि प्लास्टरच्या पायाखाली एक स्टूल. एका तरुण वकिलाने चेंडू जाळीत मारला तेव्हा ईश्वरप्पा सहज म्हणाले, “जरा वरून मारायचा.” आजवर कोणी त्यांचं ऐकलं नव्हतं. पण प्लास्टरमधून आलेल्या शब्दाला वजन असतं. वकिलाने वरून मारला, चेंडू पलीकडे गेला, आणि सगळ्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात बार्शीच्या मंडळाशी सामने झाले. सोलापूर सगळे हरलं. चहाच्या वेळी नळदुर्गकर गंभीरपणे म्हणाले, “ईश्वरप्पांचा पाय धड असता तर.” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. ईश्वरप्पांना खेळताना कधीही न पाहिलेल्या बार्शीकरांनी माना डोलावल्या. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी अंमळ उशिरा डोलावल्या, पण डोलावल्या. दिवाळीच्या सुमारास ईश्वरप्पा मंडळाचे अध्यक्ष झाले.

याच सुमारास पाय बरा झाला.

ही गोष्ट त्यांनी चारचौघांत बोलून दाखवली नाही. पण एका दुपारी गोदामात, सुताच्या गाठींच्या मधल्या बोळात, ते भिंतीवर चेंडू मारत होते. धोतराचा काचा मारलेला, कपाळावर घाम, आणि चेहरा अगदी हलका झालेला. चेंडू भिंतीवरून येई, ते धावत, चेंडू गाठींत शिरे. शिवबाई भाकरीचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या जरा वेळ दारात उभ्या राहिल्या.

“बरा झालाय की पाय,” त्या म्हणाल्या.

ईश्वरप्पा दचकून थांबले. “कुणाला सांगू नको.”

“का? जावा की खेळायला. घरात बसून कसं तोंड झालंय ते बघितलंय का वो आरशात?”

ईश्वरप्पा गाठीवर बसले. “कसं जाऊ, शिवा? पयलं मी वाईट खेळत होतो तवा कुणाचं काय जात नव्हतं. आता मी चांगला खेळतो. आता खेळून चालायचं न्हाय.”

गाठींत अडकलेला चेंडू शिवबाईंनी वाकून काढला, पदराने पुसला आणि डब्याशेजारी ठेवला.

अध्यक्षांची खुर्ची मंडळात सर्वांच्या डोळ्यांत भरली होती. पहिल्यांदा वीरभद्रप्पांचा खांदा गेला. डाळीचं पोतं उचलताना गेला असं ते म्हणत. त्यांनी उभ्या जन्मात पोतं उचलल्याचं कोणाला माहीत नव्हतं, म्हणूनच तो जाणं साहजिक होतं. मग नळदुर्गकरांची कंबर धरली. डॉक्टर सबनिसांना मनगटाचं काहीतरी झालं, त्याचं नाव लॅटिनमध्ये असल्याने त्यांना खुर्चीबरोबर टेकायला गिरदीही मिळाली. गुडघेवाल्यांना नुसतं बाक असे. कुठेतरी पट्टा न बांधता मैदानावर येणाऱ्या सभासदाकडे लोक जरा संशयाने पाहू लागले. मंडळाच्या वार्षिक अहवालात खेळाचा दर्जा पूर्वी कधी नव्हता इतका उंचावल्याचं नमूद आहे, आणि ते खरं होतं, कारण वाईट खेळणारा एकही सभासद आता खेळत नव्हता.

परतीच्या सामन्यांना बार्शीकर आले, तेव्हा त्यांचा कप्तान गळ्यात हात बांधून गाडीतून उतरला. त्याच्या मागून आणखी दोघे लंगडत उतरले. दोन्ही बाजूंनी खुर्च्या मांडल्या गेल्या. कोण जिंकलं असतं यावर खेळीमेळीने चर्चा झाली, सोलापूरने दोन सेट घेतले असते हे बार्शीने मोकळ्या मनाने मान्य केलं, आणि शेंगाच्या चटणीसह फराळ होऊन सामने बरोबरीत सुटले.

संध्याकाळी सगळे गेले. मैदानावर ईश्वरप्पा आणि वीरभद्रप्पा उरले. एक नवा कोरा चेंडू जाळीपाशी पडला होता. बराच वेळ दोघेही त्याच्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते.

“दाजी,” वीरभद्रप्पा हळूच म्हणाले, “कोण न्हाय हितं.”

ईश्वरप्पांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. वीरभद्रप्पांनी खांद्याचा पट्टा सोडून खुर्चीवर टाकला. पहिली सर्व्हिस ज्वारीत गेली. दोघे मिळून शोधायला गेले, तिथून हसत परत आले, आणि मग अंधार पडेपर्यंत त्यांनी शहरातलं सर्वांत वाईट टेनिस खेळून घेतलं. वीरभद्रप्पा एकदा आपटले. ईश्वरप्पांचं धोतर सुटलं. एक चेंडू, कसा कोण जाणे, चार वेळा जाळीवरून इकडून तिकडे गेला, तेव्हा दोघांनाही बोलायला सुधरेना.

तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. नळदुर्गकर छत्री विसरून गेले होते. (कंबर धरलेला माणूस सायकलवर कसा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. तेवढा परस्पर स्नेह मंडळात अखेर वाढला होता.) ते आत येईपर्यंत पाय स्टुलावर होता आणि पट्टा खांद्यावर.

“काय म्हणतोय पाय?” त्यांनी विचारलं.

“ठणकतो अधूनमधून,” ईश्वरप्पा म्हणाले.

वाचकहो, आपण हसलात, आनंद आहे. पण लग्नात अडकलो नसतो तर गाणं केलं असतं, नोकरी आडवी आली नसती तर लिहिलं असतं, वडिलांनी ऐकलं असतं तर विलायतेला गेलो असतो, असं आपण परवा कोणाला तरी सांगत होतात, आणि ऐकणारे माना डोलावत होते. मंडळात जागा आहे. आपली दुखापत नेमकी कोणती एवढं कळवावं, म्हणजे खुर्ची द्यायची की बाक ते ठरवता येईल.