वाचनालयातून आणलेला रक्तदाब

यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका मी आयुष्यात कधी वाचलेली नाही. हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. कुठलंही यंत्र हातात आलं की मी ते दोनदा उलटंपालटं करतो, कानाला लावतो आणि ते मला आपलं सगळं सांगून टाकतं. पुस्तिका वाचायची ती ज्यांना यंत्राशी बोलता येत नाही त्यांनी.

त्या मंगळवारी सकाळी दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ काढायला स्टुलावर चढलो आणि उतरताना जरा गरगरलं. क्षणभरच. पण नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला आणि मला म्हणाली की आजच्या आज बीपी बघायचं. मी तिला सांगितलं की माझं बीपी विशीतल्या पोरासारखं आहे. ते तुम्ही कधी मोजलंत, असं तिने विचारलं. मोजायची गरजच पडली नाही, हे उत्तर तिला पटलं नाही.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात गेल्या वर्षीपासून पुस्तकांशिवाय इतरही वस्तू घरी न्यायला मिळतात. मागच्या खोलीत एक मोठं लोखंडी कपाट आहे. त्यात ड्रिल आहे, शिवणयंत्र आहे, कुबड्या आहेत, पाठ शेकायची पिशवी आहे. शेजारचे निवृत्त मास्तर दर महिन्याला तिथून शिडी आणतात आणि पुस्तक आणायचं विसरतात. कपाटाशेजारी एक टेबल आहे, त्यावर पाटी आहे ‘रहिवाशांसाठी मदत’. तिथे बसून ग्रंथपालबाई लोकांचे अर्ज भरून देतात, सरकारी पत्रांचा अर्थ सांगतात, रुग्णालयाची वेळ ठरवून देतात. बाई शांत स्वभावाच्या, पण नियमाला पक्क्या. त्यांनी नोंदवहीत माझी सही घेतली आणि बीपीचं मशीन डब्यासकट माझ्या हातात दिलं. आत पुस्तिका आहे काका, आधी ती वाचा, असंही सांगितलं. मी हसलो. लहान मुलाने आपल्याला चालायला शिकवलं तर माणूस हसतो तसा.

घरी आल्यावर दार लोटून घेतलं आणि मशीन टेबलावर मांडलं. दोन बटणं होती, एक मोठं आणि एक लहान. एवढं मोठं बटण बंद करण्यासाठीच असणार, हे मी पाहताक्षणी ओळखलं. दंडाला पट्टा गुंडाळला आणि लहान बटण दाबलं. पूर्वी डॉक्टरांकडे इतरांच्या दंडावर तो पट्टा फुगताना, हात आवळून काढताना मी पाहिला होता. इथे काहीच झालं नाही. नुसतं टिक वाजलं आणि आकडे आले. विज्ञान किती पुढे गेलंय, असं कौतुक वाटलं मला. ते कौतुक आकडे वाचेपर्यंत टिकलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली एकशे दहा.

डब्याच्या झाकणावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. वरचा आकडा एकशे वीसच्या आसपास असला तर ठीक, एकशे ऐंशीच्या पुढे गेला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग वाटलं, घाईत काही चुकलं असेल. लांब श्वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा बटण दाबलं. एकशे त्र्याण्णव.

माझी पाचावर धारण बसली. तिसऱ्यांदा दाबलं तर एकशे अठ्ठ्याण्णव. चौथ्यांदा दोनशे चार. म्हणजे मी बघत असतानाच तो वाढत होता! पाचव्यांदा दोनशे नऊ आले तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले, कारण या वेगाने आणखी दोनदा दाबलं असतं तर माझं काय झालं असतं कोण जाणे. तरी न राहवून सहाव्यांदा दाबलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासापूर्वी ज्या आकड्याने घाम फुटला होता, त्याच आकड्याचे मी आभार मानत होतो.

बायकोला मी सांगितलं की सगळं उत्तम आहे.

तुम्ही विचाराल, लगेच डॉक्टरांकडे का गेला नाहीस? भीती वाटली, दुसरं काय. आमचे मामेसासरे रुग्णालयात गेले तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, वाटेत पानपट्टीवाल्याशी हुज्जतही घातली होती. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून त्या इमारतीसमोरून जातानाही मी पलीकडच्या फुटपाथने जातो.

बुधवारी मी आयुष्य बदललं. मीठ बंद केलं. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीवर थांबू लागलो. गिऱ्हाइकांशी हळू आवाजात बोलू लागलो. एका गिऱ्हाइकाने तर दुकानात कोणी आजारी आहे का, असं कुजबुजत विचारलं. दुरुस्त होऊन पडलेली सतरा घड्याळं मी घरोघरी जाऊन देऊन आलो, कारण माझ्यामागे लोकांचं घड्याळ अडकून राहायला नको. एका बाईंचं घड्याळ दोन वर्षं दुकानात होतं. ते मी स्वतः आणून दिलेलं पाहून त्यांनाच भीती वाटली. आणि या सगळ्याच्या मध्ये दर दोन तासांनी मी आतल्या खोलीत जाऊन बटण दाबत होतो. तेच पाच आकडे, आलटून पालटून. आजार कसा, तर घड्याळासारखा नियमित.

गुरुवारी दुपारी बायकोने मला पकडलं. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवत होतो. कोणती किल्ली कशाची, गॅसची नोंदणी कुठे, कुठल्या घड्याळाला कधी किल्ली द्यायची, असं सगळं त्यात लिहिलं होतं. तिने ते सावकाश वाचून काढलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “किती आहे?”

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. बराच वेळ काही बोललीच नाही, आणि त्या गप्प बसण्याने मला आकड्यांपेक्षा जास्त भीती वाटली. अठ्ठावीस वर्षांत ती अशी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. मग ती उठली, मशीन घेतलं, पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि म्हणाली, तुम्ही कुठलं बटण दाबता?

मी दाखवलं. एकशे त्र्याण्णव.

माझं एक वेळ ठीक होतं. पण हिचंही? मी तिला आडवं व्हायला सांगितलं, ती मला आडवं व्हायला सांगू लागली. पाणी कोणी आणायचं यावरून वाद झाला, आणि वाद घातल्याने बीपी वाढेल म्हणून तोही अर्धवट सोडला. शेवटी दोघं शेजारीशेजारी पडून छताकडे बघत राहिलो. पाण्यातून आलं असेल का, असं मी विचारलं. बीपी पाण्यातून येत नाही, असं ती म्हणाली, पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. मशीनवर आकड्यांच्या कोपऱ्यात ते इंग्रजी एम अक्षर कशाचं आहे, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, एम म्हणजे मेडिकल.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं एकमेकांना धरून वाचनालयात गेलो. दहा मिनिटांच्या रस्त्याला पस्तीस मिनिटं लागली. मदतीच्या टेबलाशी बसून मी बाईंना म्हणालो की दोन माणसांसाठी रुग्णालयाची वेळ ठरवून द्या, शक्यतो शेजारच्या खाटा. बाईंनी घाईघाईने पाणी दिलं, आकडे विचारले, आणि मी ते तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही मोजता कसं ते एकदा दाखवता का काका, असं त्या म्हणाल्या.

मी पट्टा बांधला, लहान बटण दाबलं. टिक. एकशे अठ्ठ्याण्णव.

बाई मशीनकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “काका, हे मशीन तुम्ही अजून चालूच केलेलं नाही.”

लहान बटण मशीनच्या आठवणीचं होतं. आधी मोजलेले जुने आकडे दाखवायचं. एम म्हणजे मेमरी. बायकोने मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही. पण मला कशाचंच काही वाटेना. तीन दिवसांनी मला माझा जीव परत मिळाला होता. मी मोठ्याने हसलो, इतका की वाचनकक्षातली माणसं वळून बघू लागली. हसता हसता लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत.

त्या नोंदवहीची पानं उलटत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि चेहऱ्याचा रंगच उडाला. मग मलाही उमगलं. आकडे माझे नव्हते, हिचेही नव्हते. पण खोटे नव्हते. कोणाचे तरी होते.

मी विचारलं, कोणाचे? बाई म्हणाल्या की कोणी काय नेलं हे दुसऱ्या सभासदाला सांगता येत नाही. बोलत असतानाच त्या फोन लावत होत्या. तीनदा लावला. पलीकडून कोणी उचलेना. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. चारला वीस मिनिटं कमी. पुढच्या क्षणी त्यांनी मशीन उचललं, टेबलावर ‘लवकरच येते’ ची पाटी ठेवली आणि चपला घालून निघाल्या. वाचनालयाच्या वेळेत बाईंना जागेवरून उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्या मागे निघालो. बायको माझ्या मागे. जी माणसं दर तिसऱ्या पायरीवर थांबत होती, ती आता धावत होती.

कोपरा वळून बाई शाळेच्या फाटकाकडे गेल्या. फाटकासमोर पिवळी बस उभी होती. इंजिन चालू होतं, खिडक्या-खिडक्यांतून मुलांची डोकी दिसत होती. चालकाच्या जागेवर भोंगाकाका बसले होते. हे नाव मुलांनीच ठेवलेलं, कारण रोज सकाळी ते तालात हॉर्न वाजवत येतात. दुकानासमोरून जाताना मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत आलोय. भला दांडगा माणूस. त्या क्षणी एका हाताने ते कपाळ दाबत होते.

बाईंनी खिडकीखाली उभं राहून त्यांना हळू आवाजात खाली यायला सांगितलं. ते म्हणाले, चाळीस पोरं घरी पोचवायची आहेत, नंतर बोलू. बाईंनी मशीन दाखवलं. तेव्हा ते हसले. ते मशीन बिघडलेलं आहे, असं म्हणाले. पाच वेळा मोजलं, दर वेळी असे अचाट आकडे. एवढं बीपी असतं तर मी उभा राहिलो असतो का? म्हणून मुकाट्याने परत करून टाकलं. आणि त्यांनी गिअरवर हात ठेवला.

पण ते आकडे तीन दिवस माझ्याजवळ राहिले होते, त्यांना मी चांगलं ओळखत होतो. मी बसच्या पायरीवर चढलो.

“मशीन बिघडलेलं नाही,” मी म्हणालो. “मंगळवारपासून तुमचं बीपी माझ्याकडे आहे. तुम्ही घाबरला नाहीत, म्हणून तुमच्या वाटणीचं मी घाबरलो. मीठ सोडलं, झोप सोडली, बायकोला किल्ल्या कुठे आहेत ते लिहून दिलं. आता माझ्याच्याने होत नाही. तुमचं तुम्ही घ्या.”

ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले की सकाळपासून डोकं ठणकतंय खरं, मघाशी समोरचं दोन-दोन दिसत होतं. उन्हामुळे असेल, असं वाटलं होतं. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं.

बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि मोठं बटण दाबलं. या वेळी पट्टा घुरघुरत फुगला. दोनशे चौदा. बायको तोवर मुख्याध्यापिकांना बोलावून आली होती. मुलांना परत वर्गात नेलं, पालकांना फोन गेले, रुग्णवाहिका आली. बसमधून उतरताना भोंगाकाकांचा पाय लटपटला, तेव्हा त्यांनी माझा खांदा धरला. तो हात बर्फासारखा गार होता. त्यांचं घरचं माणूस यायला तासभर लागणार होता. बाईंना वाचनालयात परतायचं होतं. त्यामुळे सोबत कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि ज्या इमारतीला मी इतकी वर्षं टाळत होतो, तिच्यात मी रुग्णवाहिकेतून गेलो.

डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. आणखी तासभर भोंगाकाका गाडी चालवत राहिले असते तर काय झालं असतं, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते ऐकून भोंगाकाकांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. मी घामाने डबडबलेला पाहून म्हणाल्या, तुमचंही बघून टाकू. मी हात पुढे केला. त्यांनी पट्टा गुंडाळला, बटण दाबलं आणि त्या पलीकडच्या पेशंटकडे गेल्या. इकडे तो फुगायला लागला. फुगतच गेला. दंड आवळत चाललेला पाहून माझ्या मनात आलं, संपलं, आता आपलं खरंच संपलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. बेल भोंगाकाकांनी दाबली, असं नंतर कळलं.

डोळे उघडले तेव्हा मी शेजारच्या खाटेवर होतो आणि बायको समोर उभी होती. तिने आधी भोंगाकाकांची विचारपूस केली. मग माझ्या उशाजवळचा नर्सबाईंचा कागद उचलला, वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. तो आजही तिच्याकडे आहे. घरी पाहुणे आले की ती काढून दाखवते. त्यावर लिहिलंय: रक्तदाब उत्तम. पेशंट घाबरट.