झेंडूचं फूल आणि नेमका शब्द

"या रविवारी नातीशी इंग्रजीत बोलणार! तेही एक चूक न करता! बघशीलच तू!" मखमलाबादच्या सावळीरामांनी बायकोला, कुसाबाईंना, ठणकावून सांगितलं. उभा जन्म झेंडू पिकवण्यात गेला गड्याचा. पण कॅनडातल्या चार वर्षांच्या निकिताला मराठीचा गंध नाही, आणि तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय यांना चैन नाही!

त्यासाठी छाया मॅडमच्या इंग्रजी शिकवणीला दोन महिने घासले होते. मॅडम म्हणाल्या, "काका, वस्तूच्या नावाआधी एक छोटा शब्द लागतो. कुठलंही एक असलं तर 'अ', ठरावीक असलं तर 'द', थोडे असले तर 'सम'. एवढं सांभाळा." काकांनी नेमकं तेवढंच धरून ठेवलं!

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. सावळीरामांनी झेंडूचं फूल पुढे धरलं, तोंड उघडलं आणि तिथंच अडकले. एक फूल, म्हणजे 'अ'. पण हे तर आपल्याच वावरातलं, मग 'द'? पापणी लवेना, हात हलेना!

"आबांचा फोन हँग झाला वाटतं," पलीकडून मुलगा सोमनाथ म्हणाला आणि त्यानं कॉल बंद केला.

मग त्यानं नवा फोन धाडला. तोही हँग! घरात वायफाय आलं, भिंतीवर डबा बसला, वायरी लोंबल्या. तरी हँगच!

"अहो, खरं सांगून टाका की पोराला!" कुसाबाई करवादल्या.

"काय सांगू? बाप एका अक्षरापाशी अडकलाय म्हणून? लय लाज वाटती गं." आताशा त्यांना जेवणही गोड लागत नव्हतं.

पाचव्या रविवारी सोमनाथ वैतागला. फोन टेबलावर तसाच उभा ठेवून तो आपल्याकडचं वायफाय तपासायला गेला. समोर एकटी निकिता, बाहुलीचे केस विंचरत बसलेली. इकडे सावळीराम फूल धरून, तोंड उघडं ठेवून. दहा मिनिटं गेली. अन् एकाएकी डोक्यात उजेड पडला. फुलं दोन-चार घेतली की भानगडच मिटली! त्यांनी परडीतून मूठभर उचलली आणि गरजले, "निकिता! आय हॅव सम फ्लॉवर्स फॉर यू!"

बाहुली टाकून पोर किंचाळली, "पप्पा! द फोटो इज टॉकिंग!" आणि भोकाड पसरून आत पळाली.

पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची उरली. कुसाबाईंनी हळूच विचारलं, "काय म्हणाली हो?"

"फोटो बोलतोय म्हणाली." त्यांनी डोळे पुसले. "पण 'द' बघ, कसा झटक्यात लावला पोरीनं!"